विखुरणीपासून वर्गापर्यंत : ब्रिटनच्या प्राथमिक शाळांतील स्थलांतरित मुले आणि इंग्रजी

शाळेची भाषा घरी बोलली जात नसेल तर त्या मुलाचे काय करावे, हा प्रश्न बहुभाषिक भारताला नवा नाही. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये संविधानात आलेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय व्हावी असे सांगतो. मुंबई महानगरपालिकेने अनेक भाषांच्या माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवल्या आहेत. या तरतुदी व्यवहारात कितपत उतरल्या हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. मात्र मुलाची भाषा हा त्याचा हक्क आहे, ही कल्पना तरी आपल्याकडे कायद्याच्या भाषेत नोंदली गेली. ज्या देशाच्या राज्यकारभारातून आपली शिक्षणव्यवस्था घडली त्या ब्रिटनमध्ये हाच प्रश्न १९६० नंतर उभा राहिला, तेव्हा तो भाषेचा प्रश्न म्हणून पुढे आलाच नाही. तो आला संख्येचा प्रश्न म्हणून. एका वर्गात अशी किती मुले असावीत, एवढेच विचारले गेले. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. त्याचा आरंभ आपल्याच पंजाबी मुलांपासून होतो.

युद्धोत्तर ब्रिटनमध्ये कामगारांची टंचाई होती आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्यामुळे राष्ट्रकुलातील माणसाला तेथे जाऊन राहण्यास अडथळा नव्हता. लंडनच्या पश्चिमेस असलेल्या साऊथॉलमध्ये रबराच्या कारखान्यात पंजाबी पुरुष कामाला लागले. यॉर्कशायरच्या ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड या गावांतील लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळीला मीरपूर आणि पंजाबकडची माणसे आली. ही बहुतेक एकटी माणसे होती. चार पैसे साठवावे आणि परत जावे, हा त्यांचा बेत. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने हा बेत मोडला. कामगारांच्या प्रवेशावर परवान्यांची मर्यादा आली, बायकामुलांना मात्र येण्याची मुभा राहिली. एकदा परत गेलो तर पुन्हा येता येईलच असे नाही, हे कळल्यावर पुरुषांनी मुक्काम पक्का केला आणि कुटुंबे बोलावून घेतली. स्थलांतर आटोक्यात आणण्यासाठी केलेल्या कायद्यानेच शाळांच्या दारात मुले आणून उभी केली. इतिहासात असे विपरीत परिणाम पुष्कळदा दिसतात, परंतु येथील परिणाम फार लवकर दिसला.

साऊथॉलच्या बीकन्सफील्ड रोड प्राथमिक शाळेत १९६३ पर्यंत निम्म्याहून अधिक मुले भारतीय झाली होती. गोऱ्या पालकांनी तक्रार केली की या मुलांमुळे आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शिक्षणमंत्री एडवर्ड बॉइल स्वतः त्यांच्या सभेला गेले. बॉइल हे हुजूर पक्षातील उदार मताचे गृहस्थ. वर्णद्वेष्टे म्हणून त्यांची कोणी गणना करणार नाही. त्यांनी पालकांना असे सांगितले नाही की ही मुले येथे शिकतील आणि त्यांच्यासाठी जादा शिक्षक दिले जातील. नोव्हेंबरमध्ये त्यांनी संसदेत भूमिका मांडली ती अशी की कोणत्याही शाळेत स्थलांतरित मुलांचे प्रमाण एकतृतीयांशाच्या वर जाऊ नये. गोऱ्या पालकांची भीती शासनाने प्रमाण मानली आणि तिला एक आकडा बहाल केला. हा एकतृतीयांशाचा आकडा कोणत्याही शैक्षणिक संशोधनातून आलेला नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्या सभेतील वातावरणातून तो आला आणि पुढे पंधरा वर्षे धोरण म्हणून वावरला.

१९६४ च्या निवडणुकीनंतर मजूर पक्ष सत्तेवर आला, पण धोरण तेच राहिले. जून १९६५ मध्ये शिक्षण खात्याने ७/६५ क्रमांकाचे परिपत्रक काढले. त्यात मुले ‘पसरविण्या’विषयी स्वतंत्र भाग होता: एखाद्या शाळेत स्थलांतरित मुले एकतृतीयांशाच्या जवळ पोचली की शाळेची क्षेत्रमर्यादा बदलावी, आणि तेही जमले नाही तर मुलांना दूरच्या शाळांत न्यावे. साऊथॉल त्याच वर्षी ईलिंग या नव्या बरोमध्ये सामील झाले होते. ईलिंगने बसगाड्या सुरू केल्या. ब्रॅडफर्डने १९६४ पासूनच हा मार्ग धरला होता; हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स, वेस्ट ब्रॉमविच ही गावेही त्याच वाटेने गेली. बर्मिंगहॅम आणि लंडनचे अंतर्भागाचे शिक्षण प्राधिकरण यांनी मात्र नकार दिला. परिपत्रक ही केवळ शिफारस होती, आज्ञा नव्हती, ही गोष्ट त्या नकारावरून सिद्ध होते. ज्यांनी ते पाळले त्यांनी स्वेच्छेने पाळले.

विखुरणीच्या समर्थनार्थ भाषेचे कारण पुढे केले जाई. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत मिसळले की मूल आपोआप इंग्रजी शिकेल, ही ती समजूत. काही पंजाबी पालकांनाही आरंभी हा युक्तिवाद पटला होता आणि त्यात नवल नाही. मुलाला साहेबाची भाषा लवकर यावी असे कोणाला वाटणार नाही? पण निवड भाषेवरून होत नव्हती. शिक्षण खात्याच्या नोंदींत ‘स्थलांतरित’ मुलाची व्याख्या अशी होती: ब्रिटनबाहेर जन्मलेले मूल, अथवा ज्याचे आईवडील दहा वर्षांच्या आत ब्रिटनमध्ये आले असे मूल. या व्याख्येत मुलाला इंग्रजी किती येते याचा उल्लेखच नाही. साऊथॉलमध्ये जन्मून अस्खलित इंग्रजी बोलणारे शीख मूल बसमध्ये चढविले जाई. गोरी मुले मात्र कधीही साऊथॉलकडे आणली गेली नाहीत. प्रवास एकाच दिशेने चाले. १९६७ च्या प्लाउडेन समितीने प्राथमिक शिक्षणावरील आपल्या मोठ्या अहवालात हे ओळखले होते. मुलांना पसरवायचेच असेल तर त्यांच्या भाषिक व अन्य अडचणी पाहून पसरवावे, ती केवळ स्थलांतरित आहेत म्हणून नव्हे, असे समितीने म्हटले. हा भेद बारीक दिसतो. खरे तर त्याने संपूर्ण धोरणाचा पाया काढून घेतला होता. तरीही बसगाड्या चालूच राहिल्या.

या प्रवासाची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी लवकर उठून थांब्यावर उभे राहायचे. शाळा सुटली की लगेच बस, त्यामुळे शाळेनंतरचे खेळ, नाटक, मैत्री यांत वाटा नाही. ज्या वेळेत इंग्रजी खरोखर कानांवर पडली असती, जी मैदानावर आणि रस्त्यावर भांडताना-खेळताना शिकली जाते, तीच वेळ बसमध्ये आपल्याच भाषेतील मुलांबरोबर जाई. मूल आजारी पडले तर कामावरून सुटणाऱ्या आईने परगावातील त्या शाळेपर्यंत कसे पोचायचे? पालक आणि शिक्षक यांची गाठच पडत नसे. इंग्रजी शिकण्यास साहाय्य म्हणून सुरू केलेली व्यवस्था इंग्रजी शिकण्याच्याच आड आली.

आता वर्गाच्या आत काय घडत होते, त्याकडे वळू. तेथील इतिहास अधिक समृद्ध आहे आणि काहीसा कमी दुःखद.

ब्रिटिश शिशुवर्गाच्या शिक्षिकेला गोष्ट कशी सांगावी, वाचन कसे शिकवावे हे येत होते. परंतु तिच्या सगळ्या प्रशिक्षणाने एक गोष्ट गृहीत धरली होती: मूल पाच वर्षांचे होऊन येते तेव्हा त्याला इंग्रजी बोलता येते. येथे आलेले मूल गप्प बसे. या गप्प बसण्याचा अर्थ अनेकदा मंदबुद्धी असा लावला गेला. कॅरिबियन मुलांच्या बाबतीत याची परिणती किती भयंकर झाली, हे बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये आपल्या पुस्तिकेत दाखवून दिले. त्यांची मुले मतिमंदांच्या शाळांत मोठ्या प्रमाणावर पाठविली जात होती. त्यांची तर भाषाही इंग्रजीचेच एक रूप होती.

हडर्सफील्डची स्प्रिंग ग्रोव्ह शाळा ही या अंधारातील एक पणती म्हणावी लागेल. तेथे नव्याने आलेल्या मुलांसाठी स्वागतवर्ग चालविले गेले. इंग्रजी ही घरची भाषा नसलेल्या मुलाला ती परकी भाषा म्हणून पायरीपायरीने शिकवावी लागेल, ही साधी गोष्ट त्या शाळेने व्यवहारात आणली. ट्रेव्हर बर्गिन आणि पॅट्रिशिया एडसन यांनी १९६७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी लीड्स येथे स्कूल्स कौन्सिलचा प्रकल्प सुरू झाला होता. त्याच्या प्रमुख जून डेरिक. या प्रकल्पातून ‘स्कोप’ नावाची पाठ्यसामग्री १९६९ पासून प्रसिद्ध होऊ लागली. चित्रे, कृती, खेळ आणि त्यांच्या आधारे क्रमाने बांधलेली वाक्यरचना हे तिचे स्वरूप होते. आपल्या भाषांच्या जाणकाराला या क्रमाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. मराठीप्रमाणेच पंजाबीतही संबंधदर्शक शब्द नामाच्या मागून येतो, इंग्रजीत तो आधी येतो. क्रियापद आपल्याकडे वाक्याच्या शेवटी, तेथे मध्ये. आणि नामाआधी लागणारी ती छोटी उपपदे तर आपल्या भाषांत नाहीतच. या गोष्टी इंग्रज मुलाला कोणी शिकवीत नाही, म्हणून इंग्रज शिक्षिकेला त्या शिकवायच्या असतात हेही ठाऊक नव्हते.

येथे एक आडवळण घेणे आवश्यक वाटते. ज्ञान होते, पण ते इंग्लंडमध्ये नव्हते, वसाहतींत होते. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असताना त्यांनी बंगालमधील द्विभाषिकतेवर १९२६ मध्ये ग्रंथ लिहिला आणि निवडक शब्दसंख्येवर आधारलेली वाचनमाला तयार केली. हॅरल्ड पामर आणि हॉर्नबी यांनी जपानमध्ये वाक्यबंधांची पद्धत घडविली. स्वातंत्र्यानंतर मद्रासकडे रचनात्मक अभ्यासक्रमाचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. बंगाली आणि तमिळ मुलांना इंग्रजी शिकवताना साठलेला हा अनुभव चाळीस वर्षांनी पंजाबी मुलांच्या पाठोपाठ यॉर्कशायरला पोचला. साम्राज्याच्या शैक्षणिक इतिहासात या परतीच्या प्रवासाची नोंद फारशी घेतली जात नाही. घ्यायला हवी, कारण इंग्लंडच्या शाळांकडे या कामासाठी स्वतःचे असे शास्त्र नव्हते. ते भारतीय उपखंडातून, जपानातून, आफ्रिकेतून उसने आणावे लागले.

पैशाची सोय १९६६ च्या स्थानिक शासन कायद्याच्या ११ व्या कलमाने झाली. राष्ट्रकुलातून आलेल्या आणि भाषा व चालीरीती भिन्न असलेल्या लोकसंख्येमुळे जादा कर्मचारी नेमावे लागत असतील, तर त्यांच्या वेतनाचा मोठा वाटा केंद्र सरकार देईल, असे हे कलम. पुढे हा वाटा ७५ टक्क्यांपर्यंत गेला. इंग्रजीच्या साहाय्यक शिक्षकांची एक संपूर्ण पिढी या कलमावर उभी राहिली, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागते. त्याच्या उणिवाही तितक्याच उघड होत्या. ‘राष्ट्रकुल’ या शब्दामुळे १९७९ नंतर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांची मुले त्यात बसत नव्हती. ही त्रुटी दूर होण्यास १९९३ उजाडले. शिवाय या पैशावर नेमलेला शिक्षक बरेचदा शाळेत जेथे गळती तेथे ठिगळ म्हणून वापरला जाई.

हे शिक्षक जेथे शिकवीत ती भाषाकेंद्रे हा पुढच्या वादाचा विषय झाला. मूल काही महिने, कधी वर्षभर वा अधिक, मूळ शाळेपासून वेगळ्या केंद्रात राही. तेथे इंग्रजी शिके. पण गणित, विज्ञान, इतिहास यांत त्याचे सोबती पुढे निघून जात. १९७५ मध्ये ॲलन बुलक यांच्या समितीने भाषाशिक्षणावरील अहवालात दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. एक, हे वेगळेपण हानिकारक आहे. दुसरी, मुलाची घरची भाषा ही उंबरठ्यावर काढून ठेवायची चप्पल नव्हे. द्विभाषिक असणे ही संपत्ती आहे. उपमा अर्थातच माझी, पण आशय समितीचा. शासकीय कागदात ही भाषा प्रथमच इतक्या स्पष्टपणे उमटली.

यानंतरची दहा वर्षे मातृभाषेच्या बाजूने आशा वाटावी अशी होती. युरोपीय समुदायाने १९७७ मध्ये स्थलांतरित कामगारांच्या मुलांना यजमान देशाची भाषा आणि त्यांची मातृभाषा, दोन्ही शिकविण्यासंबंधी निर्देश काढला. तो कायद्याने सदस्य-राष्ट्रांच्या नागरिकांपुरताच होता, म्हणजे इटालियन मुलाला लागू, पंजाबी मुलाला नाही. तरी चर्चेला त्याने तोंड फोडले. १९७८ ते १९८० या काळात ब्रॅडफर्डमध्ये पंजाबी बोलणाऱ्या नवागत बालकांवर एक प्रयोग झाला. शाळेतील अर्धा वेळ पंजाबी, अर्धा इंग्रजी. वर्षाअखेरीस दिसले ते असे की ही मुले इंग्रजीत केवळ इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांच्या मागे पडली नव्हती, आणि पंजाबीत पुढे गेली होती. मातृभाषेला दिलेला वेळ इंग्रजीतून वजा होतो हे शिक्षणखात्याचे जुने गणित या निष्कर्षाने चुकीचे ठरविले. याच सुमारास टोरांटोतील जिम कमिन्स यांनी असे दाखवून दिले की मैदानावरची बोलण्याची इंग्रजी मुलाला दोनेक वर्षांत येते, परंतु पाठ्यपुस्तकाची, युक्तिवादाची इंग्रजी वयाच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. शिक्षकांना वर्षानुवर्षे पडलेल्या कोड्याचा हा उलगडा होता. फडाफडा बोलणारे मूल लेखी परीक्षेत का अडखळते, तर त्याची दुसरी इंग्रजी अजून वाढते आहे.

बसगाड्या दरम्यान थांबल्या. वंशसंबंध मंडळाने ईलिंगविरुद्ध प्रकरण उभे केले. १९७६ चा नवा वंशसंबंध कायदा आला. आणि साऊथॉलमधील पंजाबी तरुण, ज्यांतील कित्येक त्याच बसमधून वाढले होते, रस्त्यावर उतरून बोलू लागले होते. ब्रॅडफर्डने १९८० च्या सुमारास आणि ईलिंगने त्याच्या मागोमाग विखुरणी बंद केली. साऊथॉलमध्ये पुरेशा शाळा आधीच बांधल्या असत्या तर बसचा बराचसा खर्चही वाचला असता, हा साधा हिशेब प्रशासनाने फार उशिरा केला.

मातृभाषेच्या आशेवर पाणी पडले ते मात्र एका सद्भावी अहवालामुळे. लॉर्ड स्वान यांच्या समितीने मार्च १९८५ मध्ये ‘सर्वांसाठी शिक्षण’ या नावाचा आठशेहून अधिक पृष्ठांचा अहवाल दिला. वर्णद्वेषाविरुद्ध त्याची भूमिका स्वच्छ होती. स्वतंत्र भाषाकेंद्रे बंद करा, मुलांना मुख्य वर्गातच इंग्रजी शिकवा, असे त्याने सांगितले. परंतु मातृभाषा जपणे हे त्या त्या समाजाचे काम आहे, शाळेचे नव्हे, असेही त्याच अहवालाने ठरविले. परिणामी पंजाबी गुरुद्वाऱ्यात, बंगाली आणि उर्दू शनिवार-रविवारच्या किंवा संध्याकाळच्या शाळांत, आणि तुरळक मराठी कुटुंबांची मराठी घरच्या ओट्यावर उरली. माझ्या मते हा समितीच्या विचारातील मोठा दोष आहे. वेगळेपणाला विरोध करताना तिने वेगळ्या भाषेलाही वेगळेपण समजून दाराबाहेर ठेवले.

भाषाकेंद्रांवर अखेरचा घाव दुसऱ्याच वर्षी पडला. वांशिक समानता आयोगाने हॅलिफॅक्स ज्या कॅल्डरडेल प्राधिकरणात येते तेथील व्यवस्थेची चौकशी करून १९८६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. तेथे आशियाई मुलांची इंग्रजीची चाचणी घेतली जाई आणि अनुत्तीर्ण मुलांना वेगळ्या केंद्रांत ठेवले जाई. त्यांना मिळणारा अभ्यासक्रम मुख्य शाळेपेक्षा तोकडा होता, पालकांना निवडीचा अधिकार नव्हता. आयोगाने याला १९७६ च्या कायद्याखाली अप्रत्यक्ष भेदभाव ठरविले. देशभर केंद्रे मिटू लागली आणि साहाय्यक शिक्षक मुख्य वर्गात आले. आता वर्गशिक्षिका आणि इंग्रजीची शिक्षिका एकत्र पाठ आखतील, एकाच विज्ञानाच्या तासाला एकीने प्रयोग घ्यावा, दुसरीने त्यातील भाषा उलगडून दाखवावी, अशी भागीदारीची पद्धत १९९० नंतर रुजली. चांगल्या शाळांत ती उत्तम चालली. इतरत्र साहाय्यक शिक्षिका मागच्या बाकावर मुलाच्या कानाशी कुजबुजत राहिली.

याच काळात राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. १९८९ च्या आदेशाने माध्यमिक शाळांत शिकविता येतील अशा १९ भाषा ठरल्या. त्यांत बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या आपल्या पाच. मराठीचे नाव त्या यादीत नव्हते. लंडनच्या अंतर्भागातील शाळांच्या १९८७ च्या गणनेत मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या १७२ भाषा आढळल्या होत्या. त्यांपुढे हा १९ चा आकडा ठेवून पाहावा.

अकराव्या कलमाची जागा १९९९ मध्ये अल्पसंख्याक गटांच्या प्रगतीसाठी दिलेल्या स्वतंत्र अनुदानाने घेतली, आणि २०११ मध्ये ते अनुदानही शाळांच्या सर्वसाधारण निधीत विरघळले. तेव्हापासून हा पैसा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवरच खर्च केला पाहिजे असे बंधन शाळेवर राहिले नाही. २०१६ मध्ये इंग्लंडच्या शाळांना प्रत्येक द्विभाषिक मुलाची इंग्रजीतील पातळी पाच श्रेणींत नोंदविण्यास सांगितले गेले. इतक्या दशकांत प्रथमच मूल कोठून आले याऐवजी त्याला काय येते हे देशपातळीवर विचारले गेले होते. २०१८ मध्ये ही नोंद मागणे बंद करण्यात आले. आज इंग्लंडमधील दर पाच विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक जण घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतो किंवा ऐकतो. निधीच्या राष्ट्रीय सूत्रानुसार अशा मुलासाठी शाळेला जादा रक्कम मिळते ती त्याने इंग्रजी शाळेत प्रवेश घेतल्यापासून तीन वर्षे. कमिन्स यांनी सांगितलेली वर्षे पाच ते सात आहेत.